कुकर, एक किलो

कुंदाताईने रात्री अकरापासून पहाटेपर्यंत
बाथरूमचा दिवा मालवू दिला नाही.
सकाळी हॉटेलच्या जाडजूड उशीत एवढासा चेहरा,
आवाज मात्र अजून हेडबाईंचाच:
साखर. मीठ. पाणी.
एवढं तरी जमेल ना?

मी बासष्टची. ती सत्तरीला दोन महिने कमी.
टूरची बस आम्हाला वगळून किल्ला बघायला गेलेली.
फोन तिच्याच उशाशी, कारण
मला लागेल, ती म्हणाली.

ट्रामचे रूळ मी दोनदा इकडे, दोनदा तिकडे बघून ओलांडले.
परक्या गावात रस्ता ओलांडायचा म्हणजे
ताईचं कोपर धरायचं, एवढंच मला ठाऊक.

दारात ढकलगाड्या साखळीने बांधलेल्या,
नाणं खाल्ल्याशिवाय सुटायच्या नाहीत.
मी टोपली उचलली.

मिरचीपूड होती, लाल डब्यांची अख्खी भिंत.
दुधाचे अकरा प्रकार मोजले.
मांसाच्या काचेसमोरून गेले
शेजारच्यांचं भांडण चाललेलं असताना जावं तशी,
न बघता, सगळं बघत.

मग एक पिशवी, आत काहीतरी पांढरं, दाणेदार.
वरची अक्षरं एकेक लावली: सी, यू, के, ओ, आर.
कुकर.
एक किलो कुकर.
दाबली तर कुरकुरली.
साखर असेल, नाहीतर मीठ.
फोडून चाखावं, तर वर कॅमेरा.

बाजूला एक म्हातारी शेवया निवडत होती,
हिरवा कोट, एक बटण वेगळ्याच रंगाचं.
तिला पिशवी दाखवली, भुवया उंचावल्या.
तिने अक्षरांखालून बोट फिरवलं:
त्सुकोर.
मी पुन्हा म्हणायला लावलं.
त्सुकोर.
अगं बाई, साखर!
कुणाकुणाच्या उंटावर बसून, कितीदा नाव घासून घेऊन
ही इथे येऊन बसली आहे, मला ओळख न देता.

आता मीठ.
चिमूट करून दाखवली. तिने तपकिरीसारखं नाक ओढलं.
पातेलं ढवळलं हवेत. तिने सूपच्या पुड्या दाखवल्या.
शेवटी मी डोळ्याखाली बोट ठेवलं,
गालावरून ओठापर्यंत ओढत आणलं
आणि जिभेला लावलं. खारट. खारट हो!

तिने टोपली खाली ठेवली.
पर्समधून कागदी रुमाल काढून माझ्या हातात कोंबला,
आणि दंडावर थोपटत काहीतरी बोलत राहिली,
बराच वेळ, एकाच सुरात.
तिला वाटलं, मी रडते आहे.

आणि मग, खोटं कशाला सांगू, आलंच.
पहाटे बेसिनवर वाकलेली ताई,
गाऊनमधून दिसणारे पाठीचे मणके,
मी मोजायला लागले होते आणि मध्येच थांबले होते.

म्हातारीने माझ्या गालाकडे पाहिलं, मग बोटाकडे,
मग जिभेकडे. आणि एकदम हसली:
शो!
कुठला शो, मला कळेना.
हाताला धरून तिने खालच्या फळीपाशी नेलं.
दोनच अक्षरं, एकाच्या डोक्यावर तिरकी रेघ.
इथून मी तीनदा गेले होते.
एवढ्या मोठ्या गोष्टीचं नाव
मी मोठं शोधत होते.

छातीवर हात ठेवून ती म्हणाली, एतेल्का.
मी म्हणाले, सुधा. ती म्हणाली, शुदा.
चालेल.

गल्ल्यावरच्या मुलीने काहीतरी विचारलं,
मी हो म्हणाले. कशाला, ते अजून माहीत नाही.

खोलीत येऊन ग्लासात ढवळलं तर सगळं फसफसून वर.
सोड्याचं निघालं पाणी.
ताईने एक घोट घेतला, दुसरा घेतला,
खणखणीत ढेकर दिली.
निळं बूच घेतलंस. नीट विचारायचं नाही का कुणाला?
आणि भिंतीकडे वळून झोपली,
खरीखुरी, तोंड उघडं टाकून.

खिडकीत किलोभर साखर, किलोभर मीठ,
वर सात चमचे कमी.
परवा व्हिएन्ना. ओझं न्यायचं की टाकायचं,
ती उठली की विचारीन.

नाही, विचारत नाही.
माझ्याच बॅगेत तळाशी ठेवते.